हजाराव्या भागाचा प्रश्न

होकार मिळाला तर चष्मेवाल्याच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: हुशार बायको, कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात मागच्या दाराने शिरायची मुभा, आणि एकदा बोलायला लागला की न थांबणारा सासरा. तिसऱ्या गोष्टीची त्याला धास्ती नव्हती. दिवसभर लोकांना ‘आता दिसतंय का, आणि आता?’ विचारणाऱ्या माणसाकडे सबुरी भरपूर असते.

नकार मिळाला तर फायदा मुलीच्या बापाचा होता. हल्ली त्याचे हात थरथरत. जुन्या कॅमेऱ्यांच्या शटरचे कापडी पडदे आता लेकच बसवायची, आणि इतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे तो कधी बोलून दाखवत नसे. येणाऱ्या मुलाला तो फक्त एक प्रश्न विचारायचा; बरोबर उत्तर देईल त्याला लेक द्यायची, हा त्याचा शब्द होता.

“प्रश्न विचारता की कुंपण घालता?” त्याची बायको म्हणायची.

“कॅमेऱ्याच्या घरात यायचं तर शटर कळायला नको?”

प्रश्न असा. या शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकत फिल्म उघडी करतो, दुसरा मागून येऊन ती झाकत जातो. वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवला, तर एक क्षणभर तरी अख्खी फिल्म एकदम उघडी असते का?

आधी बँकवाला आला होता, मग वकील. दोघांनीही इंटरनेटवरचा ज्ञानकोश घोकला होता. दोघांनीही छातीठोक सांगितलं, “हो, असते.”

बापाने दोघांनाही दंडाला धरून भिंतीवरच्या फोटोपुढे उभं केलं. फोटो त्याच्याच लग्नातला. फोटोग्राफरने गडबडीत शटरचा वेग चढा ठेवून फ्लॅश उडवला होता. नवरी लख्ख उजेडात, नवरदेव ठार काळोखात. त्याचा एक कान तेवढा वाचला होता.

“बघा. फ्लॅश चमकला तेव्हा दोन पडद्यांमध्ये नुसती फट होती. फटीत ही सापडली, मी पडद्याआड गेलो. आणि हा वेग तर हजाराच्या कितीतरी खालचा. हजाराला काय, रेघभर फट!” मग तो हात झटकायचा. “त्या ज्ञानकोशावर काडीचा भरवसा नाही. कुणीही उठतो, काहीही लिहून ठेवतो.”

“तेव्हापासून हे अंधारातच आहेत,” बायको आतून सांगायची.

बँकवाला गेला, वकील गेला. लेकीने दोन्ही वेळा हातातल्या कामावरून मान वर केली नाही. गालात हसली असेल तर ते डोळ्याला लावलेल्या भिंगामागे कुणाला दिसलं नाही.

या खेपेला मात्र तिचं लक्ष कामात नव्हतं. चष्मेवाला यायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने एक पार्सल बापाच्या हातात कोंबलं.

“कुरियरवाला न्यायला येतो की दुकानात!”

“जा ना बाबा, पाय मोकळे होतील.”

तो गेल्यावर थोड्या वेळाने तिने चष्मेवाल्याला फोन केला. “शटरवर वाचून ये. पण आज नको, उद्या सकाळी वाच.”

“का?”

“ताजं राहतं.”

सकाळी चष्मेवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. बापाने त्याला स्टुलावर बसवलं, घसा साफ केला आणि प्रश्न टाकला.

“नाही, काका,” चष्मेवाला म्हणाला. “पहिला पडदा पोचायच्या आतच दुसरा निघतो. अख्खी फिल्म कधीच एकदम उघडी नसते. नुसती फट सरकत जाते.”

बाप फोटोकडे जायला अर्धा उठला होता, तो तसाच खाली बसला.

“ज्ञानकोश वाचला नव्हता तुम्ही?”

“वाचला ना. सकाळीच वाचला, आणि त्यात तर...”

स्क्रूचा डबा खणकन जमिनीवर आपटला. “अगं बाई!” लेक ओरडली. चष्मेवाला लगेच गुडघ्यांवर बसून तिच्याबरोबर स्क्रू वेचू लागला. बाप मात्र जागचा हलला नाही.

“वाचूनसुद्धा फसला नाही!” तो आत बघून ओरडला. “अगं ऐकलंस का? छापलेलं डोळे मिटून गिळणारा नाही हा. आपल्या डोक्याने चालतो!”

“मग आता?” बायको चहा घेऊन बाहेर आली.

“आता काय! शब्द म्हणजे शब्द.” त्याने कप उचलला, आणि तो पुन्हा बशीत ठेवताना किणकिणला. “पण इथले पडदे...”

“मीच बसवणार, बाबा. चष्म्याचं दुकान समोर तर आहे. रस्ता ओलांडला की आले.”

“हे आधी सांगायचं नाही?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही शटरचं विचारता.”

स्टुलाखालचा शेवटचा स्क्रू हातात घेऊन चष्मेवाला उभा राहिला. आपण नक्की काय मोठं केलं, हे त्याला अजून कळलं नव्हतं. पण चहा मिळाला होता आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं.

संध्याकाळी दुकान आवरून बाप संगणकापुढे बसला. दोन बोटांनी अक्षरं शोधत त्याने ज्ञानकोशातलं शटरचं पान उघडलं. आता त्या वाक्याचं काम संपलं होतं. बँकवाला येणार असं कळलं त्याच दिवशी, याच खुर्चीत बसून, ते खोटं वाक्य त्याने स्वतः त्या पानात घुसवलं होतं. ते गुपचूप पुसावं आणि जेवायला जावं, एवढाच बेत होता.

वाक्य तिथे नव्हतं. काल दुपारी, तो कुरियरच्या रांगेत उभा असताना, कुणीतरी ते दुरुस्त केलं होतं. पानाच्या नोंदीत बदलाच्या कारणापुढे लिहिलं होतं: ‘घरातल्या लग्नाच्या फोटोवरून तपासले.’

आतून मायलेकींच्या हसण्याचा आवाज आला. लेकीला हवा तो नवरा मिळाला, चष्मेवाल्याला बायको, ज्ञानकोशाला खरं वाक्य. बापाने भिंतीकडे पाहिलं. नवरदेव होता तिथेच होता, एका कानानिशी, अंधारात.