चौथी आली की पहिली जाते

"बसा मॅडम," शलाकाने खुर्ची पुढे सरकवली. "सहा वाजता कंटेनर बंद होईल."

इंदुमती कर्णिक बसल्या. याच नेटवर्क केंद्रात त्यांची तीस वर्षं गेली होती. प्रणालीची प्रत्येक आवृत्ती आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालवायची आणि चौथी आली की पहिली कायमची काढून टाकायची, हा नियम त्यांनीच घातला होता. सवलत मागायला येणाऱ्यांना त्या हसून वाटेला लावत.

आज निघणारी आवृत्ती त्यांच्या धाकट्या भावाच्या, अच्युतच्या, यानाशी बोलू शकणारी शेवटची होती. शनीपलीकडे गेलेल्या त्या यानाला नवी आवृत्ती कळत नव्हती.

"महिनाभर नाही का गं ठेवता येणार?"

"जुन्या आवृत्तीतून कुणी घुसलं तर सगळं नेटवर्क बसेल," शलाका खाली बघत म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत, मॅडम."

"माझंच शिकवणं नडलं म्हणायचं."

पाच वाजले होते. आवाज तिथे पोचायला दीड तास लागे आणि उत्तर यायला आणखी दीड.

इंदुमतीबाई माइकपाशी वाकल्या. काड्यापेट्यांना दोरा बांधून केलेल्या फोनबद्दल त्या बोलू लागल्या. माळ्यावर त्या, विहिरीपाशी अच्युत, आणि मध्ये दोऱ्यावर वाळत घातलेले आईचे रुमाल. बोलता बोलता 'आठवतं ना रे?' अगदी ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. विचारलं असतं, तर तो बिचारा उत्तर देत बसला असता.