पाव फेरा

"बोटांनी घट्ट, मग पाव फेरा. त्यापुढे पिळलंस तर पत्रा वाकेल, वर्न."

गाड्यांचं काम शिकवणाऱ्या क्लॅरीचा हा आवाज वर्नने त्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा ऐकला तेव्हा वर्न एकोणीस वर्षांचा होता. आता तो बासष्टचा. क्लॅरीला जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि ऑस्ट्रेलियातल्या क्विल्पी गावाच्या लाल मातीत उभ्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये क्लॅरीची बायको नोएलीन गाडीचं बोनेट उघडून वाकली होती.

वर्न निरोप घ्यायला आला होता. सोमवारी तो दूर टूवूम्बा शहरात, बहिणीकडे कायमचा निघणार होता.

"फोन नाही केलास?" त्याने विचारलं.

"तू चाललास ना. आता माझं मलाच करायला हवं. चहा तिथे आहे, ओतून घे."

गाडी क्लॅरीची, जुनी, सहा सिलिंडरची. क्लॅरी गेल्यापासून तिच्या टॅपेट कव्हरखालून, म्हणजे इंजिनवरच्या पत्र्याच्या झाकणाखालून, तेल झिरपायचं. धुराच्या तापल्या नळीवर ठिबकायचं, जळका वास सुटायचा, की नोएलीनचा फोन यायचा. वर्न येऊन कॉर्कचं नवं पॅकिंग बसवायचा. मग मटणाचं सारण भरलेला पाई खात दोघं ऊन उतरेपर्यंत बसायची. तीन महिन्यांनी पुन्हा तेल, पुन्हा फोन. मधले तीन महिने वर्न एकटा जेवायचा, आणि घास तोंडात असला तरी कान फोनकडे असायचे.

आज तिने कव्हर काढून सपाट फळीवर ठेवलं होतं. बोल्टच्या भोकांपाशी कड टेकत होती. अधेमधे उचललेली होती, खालून उजेड दिसत होता. वर्नने नजर चुकवली.

नोएलीनने कव्हर उलटं केलं. लाकडी हातोडीने एकेका भोकाभोवतीचा पत्रा हलक्या हाताने ठोकून सरळ केला. जुनं कॉर्क खरवडलं, नवं बसवलं. आधी मधले बोल्ट, मग कडेचे. बोटांनी घट्ट. मग पाना लावला आणि हात अचूक पाव फेऱ्यावर थांबवला.

वर्नच्या हातातला चहा निवत गेला. हे तिला येतं, हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं.

"काय रे, पुतळा बसवायचाय का तुझा इथे? गाडी चालू कर."

त्याने चालू केली. इंजिन तापलं. दोघं वाकून बघत राहिली. नळी कोरडी. वास नाही, धूर नाही.

"आता नाही गळायचं," वर्न म्हणाला. टूवूम्बा आहे त्याहून लांब वाटलं.

नोएलीनने गाडी बंद केली. चिंधीला हात पुसत म्हणाली, "चाळीस वर्षं पाना धरलास, वर्न. इतकं पिळतं का कुणी?"

तो मातीकडे बघत राहिला. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच वेळी."

"मग पाच वर्षं बोलली का नाहीस?"

चिंधी तिच्या हातातच राहिली.

"बोलले असते, तर तू नीट बसवलं असतंस."