चौथी बॅग

डिकीचं झाकण तिसऱ्यांदा आपटलं आणि तिसऱ्यांदा वर आलं.

"दाबा की जरा," बायको म्हणाली.

"दाबतोच आहे." परीक्षकाने गुडघा लावून पाहिला. झाकणाने दाद दिली नाही.

नव्या गाड्या आठवडाभर वापरून बघायच्या आणि वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल लिहायचं, हे त्याचं सहा वर्षांचं काम. गाडी पळते किती, हे कुणीही लिहील. घरच्या माणसाला ती रोज उपयोगी पडेल का, हे याच्याकडूनच ऐकावं, असं वाचक म्हणत. दाराच्या कप्प्यात तो लिटरची बाटली घालून बघे. पुढच्या खणात छत्री, पेल्याच्या खाचेत स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला. आणि डिकीत दर शनिवारी सकाळी त्याच चार बॅगा. चारही मावल्या तर पैकीच्या पैकी. बॅगा भरणं बायकोकडे, मोजणं त्याच्याकडे, अशी वाटणी पहिल्यापासूनची.

"काय वहिनी, निघालात का?" वरच्या गॅलरीतून शेजारच्या मास्तरांनी विचारलं. ते दर शनिवारी हेच विचारत, आणि बायको दर शनिवारी सांगे, "नाही हो मास्तर, मोजतोय." आज ती नुसती बॅगांकडे बघत राहिली.

परीक्षकाने पुन्हा टेप लावली. "मागच्या गाडीपेक्षा ही डिकी चांगली वीतभर लांब आहे. तिच्यात चार मावल्या आणि हिच्यात तीनच? काहीतरी चुकतंय."

आज बॅगा बायकोनेच आत ठेवल्या होत्या. त्याने चौथी बॅग बाहेर काढली आणि लगेच खाली ठेवली. "हिच्यात काय भरलंयस?"

"सामान."

"दर वेळी काय असतं मग?"

"उशा," बायको शांतपणे म्हणाली. "चारींत मिळून आठ उशा, दोन रजया आणि तुमचेच जुने अंक. तुम्ही म्हणालात, फोटोत बॅगा फुगलेल्या दिसल्या पाहिजेत. मी फुगवल्या."

परीक्षक डिकीच्या काठावर बसला. त्याच्या खिशात एका वाचकाचं पत्र होतं. तुमच्या लेखावर विसंबून गाडी घेतली, तिसऱ्या बॅगेलाच डिकी भरली, मुलाला मांडीवर सुटकेस घेऊन बसावं लागलं, तुम्ही बॅगेत भरता तरी काय? खाली संपादकांनी लाल शाईत दोनच शब्द लिहिले होते: उत्तर द्या.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "सहा वर्षं मी लोकांना उशा मोजून सांगतोय."

"एवढ्या हलक्या लागायच्या, कधी शंका नाही आली तुम्हाला?"

"मला वाटायचं, तू आटोपशीर भरतेस."

बायकोने पदराने तोंड झाकलं. खांदे मात्र हलत होते. थोड्या वेळाने ती सावरली.

"मग आजच खरं सामान कशाला भरलंस?" त्याने विचारलं.

"पत्र टेबलावर उघडंच होतं. वाचलं." मग तिने आवाज खाली आणला. "आणि आईला फोन केलाय. दुपारपर्यंत पोचतो म्हणून."

तो ताडकन उठला. "गाडी कंपनीची आहे. घरच्या कामाला लावायची नाही. सोमवारी परत द्यायचीय. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. दर शनिवारी ठाऊक असतं. आई फोनवर विचारते, निघालात का ग? मी सांगते, नाही ग, मोजतोय."

"बसने जाऊन ये म्हटलं होतं मी."

"बसने जातेच की मी. पण जावईबापू दिसायला कसे आहेत आता, हे विचारते ती. मी सांगते, पेपरात फोटो येतो त्याच्यात बघ. त्या फोटोत डिकीच असते."

परीक्षकाने झाकणाकडे पाहिलं, तीन बॅगांकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या चौथीकडे बोट दाखवलं. "काही झालं तरी ही मावत नाही."

"मग राहू द्या," बायको म्हणाली. "ती तुमची आहे."

ती पुढचं दार उघडून आत जाऊन बसली. पट्टा लावल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

परीक्षकाने बॅगेची चेन उघडली. दोन इस्त्रीचे सदरे, लेंगा, दाढीचा डबा, रक्तदाबाच्या गोळ्या, घरातल्या चपला. वर एक कोरी वही.

तो बॅगेपाशी उकिडवा बसला. मग त्याने एक सदरा उचलला आणि दोन बॅगांच्या मधल्या फटीत सरकवला. बसला. दुसरा पलीकडच्या फटीत, त्यावर लेंगा. दाढीचा डबा पुढच्या खणात असा गेला, जणू त्याच्याच मापाने खण बनवला होता. चपला सीटखाली. वही दाराच्या कप्प्यात, बाटलीला टेकून. गोळ्यांची पट्टी त्याने पेल्याच्या खाचेत उभी केली आणि ती हलते का, ते बोटाने ढकलून पाहिलं. हलली नाही.

"चांगली खाच आहे," तो पुटपुटला.

बायको समोरच बघत होती. "हं," म्हणाली.

या वेळी झाकण एका हाताने लागलं.

रिकामी बॅग जिन्याच्या पायरीवर तोंड उघडं टाकून बसली होती. गाडी फाटकाबाहेर वळली तसे मास्तर गॅलरीच्या कठड्यावर वाकले.

"अहो, डिकीला किती मार्क दिलेत?"

परीक्षकाने काच खाली केली.

"पोचल्यावर सांगतो, मास्तर."