मास्तरांची सही

"नाव सांगा, खरातबाई. नाहीतर दस्तगीर मास्तरांना आजच घरी बसवतो." संचालकांनी निनावी तक्रारीचा कागद टेबलावर आपटला.

क्रेन चालवायला शिकवणाऱ्या त्या संस्थेत तक्रारी हाताळायचं काम वैजयंती खरातकडे होतं. अकरा जणांना क्रेनवर एकदाही न बसवता संचालकांनी प्रमाणपत्रं वाटली, असं त्या कागदात लिहिलं होतं. लिहिणारी होती रेणुका, संस्थेतली नवी प्रशिक्षक. तुझं नाव फुटणार नाही, असा शब्द वैजयंतीने तिला दिला होता.

पण क्रेन शिकवणारे दोघंच, मास्तर आणि रेणुका. मास्तर नव्हेत म्हटलं, की रेणुकाचं नाव आपोआप कळणार. गप्प बसलं, तर बावीस वर्षं राबलेल्या माणसाची नोकरी जाणार.

"नाव मी सांगणार नाही," ती कशीबशी म्हणाली.

संचालकांनी मास्तरांना आत बोलावलं. मास्तरांनी उभ्याउभ्याच कागद शेवटपर्यंत वाचला.

"माझाच आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी खाली ठसठशीत सही केली. "आता निनावी नाही राहिला. बाई, पाठवा वर, विश्वस्तांकडे. क्रेनखाली माणसं उभी असतात."

संचालकांचा चेहरा उतरला. नियमाप्रमाणे सही असलेल्या तक्रारीची चौकशी आता टळणार नव्हती, आणि ती संपेपर्यंत मास्तरांना हात लावायची सोय उरली नव्हती.

बाहेर आल्यावर वैजयंतीला राहवेना. "मास्तर, खोटं का बोललात?"

"मीच लिहायला हवं होतं, बाई," ते मान खाली घालून म्हणाले. "त्या पोरीने आधी लिहिलं, एवढंच."