अंगणातला ट्रेलर

उद्धवराव ट्रेलरखालून सरपटत बाहेर आले आणि हात पुसत घराच्या दारात उभे राहिले. आत पलंगावरून त्यांच्या पत्नी सुलभाताईंनी विचारलं, "झाला?"

"झाला."

निवृत्त होऊन कऱ्हाडला आल्यावर त्यांनी हा मोडका कॅम्पिंग ट्रेलर भंगारातून आणला होता. तो जीपमागे जोडून दोघांनी हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरलं होतं. पण दर उन्हाळ्यात काहीतरी राहायचंच. एकदा छत गळत होतं, एकदा सौर पॅनेल बसवायचं होतं. "अगदी मनासारखा होऊ दे," ते म्हणायचे, आणि सुलभाताई हसायच्या.

मग सुलभाताईंना कर्करोग झाला आणि तो मणक्यात पोचला. "आहे तसा चालेल, निघू या," त्या म्हणाल्या. पण डोंगरातले धक्के त्यांना सोसवणार नाहीत, म्हणून उद्धवरावांनी चाकांवरचे स्प्रिंगचे कडक पाटे काढून मऊ मागवले. ते पाटे येईपर्यंत सुलभाताईंचं उठणंच बंद झालं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला.

"मग मला अंगणातच त्यात निजवा," आज ट्रेलर झाल्याचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या.

उद्धवरावांनी त्यांना उचलून ट्रेलरमधल्या गादीवर निजवलं, खिडकी उघडली आणि जवळ टेकले. शेजारची पिठाची गिरणी धडधडत होती.

"कुठं आलो?" सुलभाताईंनी डोळे मिटूनच विचारलं.

उद्धवरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "स्पितीत," ते कसंबसं म्हणाले. "समोर सगळा बर्फ आहे."

सुलभाताईंनी चाचपडत नवऱ्याचा हात धरला. "छान आहे हो. आता पुढं नको जायला. इथंच मुक्काम करू."