जल्लादाचा आवाज

भावोजींचा मेहुणा दातांचा डॉक्टर, हात सोन्याचा. पण चार शब्द बोलायचे म्हटलं की घामाघूम. "भा... भा... भावोजी" म्हणून होईपर्यंत समोरचा चहा निवून जायचा. म्हणून बहिणीनेच त्याला रविवारच्या खेळात ओढलं. फासे टाकायचे, एकेकाने एकेक पात्र घ्यायचं आणि खेळ संपेपर्यंत त्या पात्राच्याच तोंडून बोलायचं, असा तो खेळ. मेहुण्याने जल्लाद घेतला, आणि काय सांगावं, जल्लाद होताच गड्याची जीभ मोकळी झाली! आवाज थंड, संथ, कुठे म्हणून अडखळणं नाही.

"पात्र कसं अंगात मुरलंय बघा याच्या," बहीण कौतुकाने म्हणायची.

परवाच्या रविवारी भावोजींनी निव्वळ गंमत म्हणून जल्लादाला शत्रूच्या हवाली केलं आणि पोट धरधरून हसले. मेहुणा हसला नाही. "मी विसरत नसतो," जल्लाद एवढंच म्हणाला.

आणि सोमवारी नेमकी भावोजींची दाढ ठणकू लागली. दवाखान्यात मेहुण्याने "ब... ब... बसा" म्हणत त्यांना खुर्चीत बसवलं, इंजेक्शन दिलं. जबडा बधिर झाला, जीभ लाकडासारखी पडली. मग त्याने मदतनीस बाईंना जेवायला पाठवलं, दाराला आतून कडी घातली आणि तोंडावर मास्क चढवून तो भावोजींवर वाकला.

 

"आता मोठा आ करा, भावोजी," तो म्हणाला, एकदाही न अडखळता.