नाकाचा शेंडा

भाजीवाल्या मावशींची हाळी अख्ख्या बाजाराला ऐकू जायची. त्यांच्या नवऱ्याला तेवढी ऐकू येईनाशी झाली. मग उतारवयात मावशी खुणांची भाषा शिकायला बसल्या. 'घाबरू नका, मी आहे' ही खूण काही केल्या लक्षात राहीना. शेवटी वैतागून त्यांनी स्वतःच्याच नाकाचा शेंडा चिमटीत धरला.

"हे कुठल्या पुस्तकातलं?" म्हणत नवरा पोट धरून हसला, आणि घरात तीच खूण कायम झाली.

नवरा गेला. शिकलेले हात गप्प बसेनात, म्हणून मावशी टोपली रिकामी झाली की दवाखान्यात जाऊन बसू लागल्या. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांचं दुखणं डॉक्टरांना समजावून सांगायच्या. त्यांचं बघून नर्सबाईही खुणा शिकल्या. पेशंट घाबरला की मावशी नाकाचा शेंडा धरायच्या. नर्सबाईंना वाटलं, खरी खूण हीच.

आज मावशींनाच ऑपरेशनला नेत होते. एरवी बाजार डोक्यावर घेणाऱ्या मावशी घाबरून स्ट्रेचरची कड सोडेनात. दाराच्या काचेपलीकडून नर्सबाईंनी ते पाहिलं आणि नाकाचा शेंडा चिमटीत धरला.

मावशींचा चेहरा उजळला.

"अहो," त्या पुटपुटल्या, "आलात होय!"